ब्रिटनमध्ये गाडीचा विमा: नेम्ड ड्रायव्हर म्हणून कामावर गाडी नेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून, ठाण्याहून किंवा नागपूरहून ब्रिटनमध्ये आलेल्या कुटुंबात साधारणपणे असे घडते. ज्याच्या नोकरीमुळे कुटुंब येथे आले, तो पहिल्या काही महिन्यांत एखादी जुनी हॅचबॅक घेतो, विमा स्वतःच्या नावे काढतो आणि जोडीदाराचे नाव 'नेम्ड ड्रायव्हर', म्हणजे पॉलिसीत नावानिशी नोंदवलेला दुसरा चालक, म्हणून पॉलिसीत घालतो. तेव्हा जोडीदार घरीच असतो, त्यामुळे गाडी किराणा, शाळा आणि शनिवार-रविवारच्या भटकंतीपुरतीच बाहेर निघते. वर्षभराने जोडीदारालाही नोकरी लागते, बसच्या वेळा जुळत नाहीत, गाडी दारात उभीच असते, आणि पॉलिसी मात्र पहिल्या दिवशी होती तशीच राहते. खालचे बहुतेक प्रश्न या एका परिस्थितीतून निघालेले आहेत. उत्तरे इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. नॉर्दर्न आयर्लंडचा कायदा वेगळा आहे.

भारतात कधीच कोणी विचारले नाही. मग इथे 'कामावर जाण्यासाठी गाडी वापरता का' हे वेगळे का विचारतात?

कारण दोन्हीकडच्या विम्याची बैठकच निराळी आहे. भारतातील खाजगी मोटारीच्या पॉलिसीत चालकाविषयीचे कलम असे असते की ज्याच्याकडे वैध परवाना आहे आणि जो मालकाच्या संमतीने गाडी चालवतो आहे, तो कोणीही चालेल. वापराविषयीचे कलमही उदार असते: भाड्याने गाडी चालवणे, व्यापारी मालाची वाहतूक, शर्यती असे काही अपवाद सोडले, तर बाकी सर्व वापर धरलेला असतो. त्यामुळे हिंजवडीला रोज गाडी नेणारा मेहुणा आणि फक्त सणावाराला गाडी बाहेर काढणारे सासरे यांच्यात भारतीय विमा कंपनी फरक करत नाही. तिथे विमा, सोप्या शब्दांत सांगायचे तर, गाडीचा असतो.

ब्रिटनमध्ये विमा गाडीइतकाच माणसाचा आणि त्या माणसाच्या कामाचा असतो. कोण चालवणार हे नावानिशी लिहिले जाते आणि कशासाठी चालवणार हे वर्गवारीने लिहिले जाते. सर्वांत खालचा वर्ग 'सोशल, डोमेस्टिक अँड प्लेझर', म्हणजे घरगुती कामे आणि हौसमौज. त्याच्या वरचा वर्ग तोच, पण त्यात कम्यूटिंग, म्हणजे घर ते कामाचे ठिकाण अशी ये-जा, मिळवलेला. त्याच्याही वर 'बिझनेस' वापराचे तीन टप्पे. सकाळी साडेसातच्या गर्दीत रोज त्याच रस्त्याने जाणारी गाडी दुपारी अकराला मंडईत जाणाऱ्या गाडीपेक्षा जास्त वेळा ठोकली जाते आणि दिवसभर कुठल्यातरी वाहनतळावर उभी राहते, हा त्यामागचा हिशेब आहे. दोन्ही देशांचे आजचे मोटार कायदे योगायोगाने १९८८ सालचेच आहेत आणि थर्ड पार्टी विमा दोन्हीकडे सक्तीचा आहे, पण त्या सक्तीभोवती उभे राहिलेले पॉलिसीचे व्यवहार इतके वेगळे आहेत की भारतातली सवय इथे नेमकी घात करते.

माझ्या पॉलिसीत काय आहे हे नेमके कुठे वाचायचे?

विमा काढल्यावर ईमेलने चार-पाच कागद येतात. त्यातली पॉलिसी पुस्तिका जाडजूड असते आणि ती कोणी वाचत नाही. तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाचा कागद म्हणजे एका पानाचे 'सर्टिफिकेट ऑफ मोटर इन्शुरन्स'. त्यावर गाडीचा क्रमांक आणि तारखा यांच्या खाली दोन मथळे असतात. एका मथळ्याखाली गाडी चालवण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तींची नावे असतात आणि दुसऱ्याखाली वापराच्या मर्यादा असतात. हे दोन परिच्छेद वेगवेगळे छापलेले असले, तरी ते एकत्र वाचायचे असतात. पहिल्यात तुमच्या पत्नीचे नाव आहे म्हणून ती गाडी चालवू शकते, एवढे खरे; पण कशासाठी चालवू शकते हे दुसरा परिच्छेद ठरवतो.

दुसऱ्या परिच्छेदात 'ट्रॅव्हल टू अँड फ्रॉम अ परमनंट प्लेस ऑफ वर्क' अशा अर्थाचे शब्द शोधा. ते नसतील, तर कम्यूटिंग नाही. ते असतील, तर पुढचे दोन-तीन शब्द अधिक काळजीपूर्वक वाचा, कारण खरी गोम तिथे असते: 'बाय द पॉलिसीहोल्डर' असे लिहिले आहे, की 'पॉलिसीधारक आणि जोडीदार', की 'वर नाव असलेली कोणतीही व्यक्ती'?

माझ्या पॉलिसीत कम्यूटिंग आहे. मग नेम्ड ड्रायव्हर असलेल्या पत्नीला ते आपोआप लागू होते, असे समजायचे ना?

नाही. काही कंपन्यांत वापराचा वर्ग संपूर्ण गाडीला लागतो आणि मग सर्व नावांना तो लाभ मिळतो. काही कंपन्या तो फक्त पॉलिसीधारकाला किंवा पॉलिसीधारक आणि त्याच्या जोडीदाराला देतात. काही प्रत्येक चालकाचा व्यवसाय आणि वापर वेगवेगळा नोंदवतात. बाजारात एकच पद्धत नाही, आणि तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर वापराविषयीचा प्रश्न अनेकदा एकदाच विचारला जातो, त्यामुळे भरणाऱ्याचा समज होतो की उत्तर सगळ्यांसाठी आहे.

आमच्याच घरी हे झाले. आम्ही स्लाउमध्ये राहत होतो आणि पत्नीला रेडिंगच्या एका रुग्णालयात नोकरी लागली होती. पॉलिसी माझ्या नावे, कम्यूटिंगसह, आणि ती नेम्ड ड्रायव्हर. नोव्हेंबरातल्या एका सकाळी गोल चौकात थांबलेल्या तिच्या गाडीला मागून एका व्हॅनने धक्का दिला. चूक सरळसरळ व्हॅनची होती. कंपनीला फोन केल्यावर पलीकडच्या बाईंनी आधी कोणाला लागले तर नाही ना हे विचारले आणि लगेच तीन प्रश्न विचारले: कुठून निघाला होता, कुठे निघाला होता, आणि कशासाठी. तिने खरे ते सांगितले. त्यानंतर पहिल्यांदा मी सर्टिफिकेट जेवणाच्या टेबलावर पसरून वाचले. कम्यूटिंगपुढे 'बाय द पॉलिसीहोल्डर' एवढे तीन शब्द होते. अर्ज भरताना पत्नीविषयी हा प्रश्न विचारलाच गेला नव्हता, एवढ्याच मुद्द्यावर आम्ही तक्रार केली, अर्जाची प्रत मागवली, आणि सहा आठवड्यांनी कंपनीने क्लेम मान्य केला. ते सहा आठवडे भाड्याच्या गाडीच्या खर्चात आणि धास्तीत गेले. तेव्हापासून नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिला सल्ला तोच देतो: कंपनीला चॅटवर किंवा ईमेलवर 'माझी नेम्ड ड्रायव्हर अमुक ठिकाणी कामाला जाण्यासाठी गाडी वापरेल, हे पॉलिसीत धरले आहे का' असे सरळ विचारा आणि आलेले उत्तर जपून ठेवा. फोनवर विचारले, तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा.

मी आठवड्यातले चार दिवस घरून काम करतो आणि फक्त गुरुवारी गाडीने ऑफिसला जातो. एवढ्यासाठीही कम्यूटिंग लागते?

लागते. आठवड्यातून एक दिवस असो, महिन्यातून दोनदा असो, किंवा रेल्वेचा संप आहे म्हणून फक्त त्या दिवशी असो, त्या प्रवासाला पॉलिसीच्या भाषेत कम्यूटिंगच म्हणतात. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, ब्रिटिश विमा कंपन्यांच्या संघटनेने साथीमुळे गाडीने कामावर जावे लागणाऱ्यांना पॉलिसी न बदलता मुभा जाहीर केली होती. तिची आठवण अजूनही लोक काढतात आणि 'अधूनमधून चालते' असे एकमेकांना सांगतात. ती त्या काळापुरती सोय होती.

गाडी स्टेशनपर्यंतच नेतो आणि पुढे रेल्वेने जातो. ऑफिसपर्यंत गाडी जातच नाही.

तरीही बहुतेक कंपन्या याला कम्यूटिंग मानतात, कारण प्रवासाचा हेतू कामावर पोहोचणे हाच असतो. स्लाउच्या वाहनतळावर गाडी लावून एलिझाबेथ लाइनने कॅनरी व्हार्फला जाणारा माणूस दोन-तीन मैलच गाडी चालवतो, पण नेमक्या गर्दीच्या वेळी चालवतो आणि गाडी दहा तास परक्या जागी ठेवतो. अर्जातल्या प्रश्नाखाली बारीक अक्षरांत 'स्टेशनपर्यंतच्या प्रवासासह' असा खुलासा अनेकदा असतोही, फक्त तो माहितीच्या छोट्या खुणेवर टिचकी मारल्याशिवाय दिसत नाही. वाटेत मुलाला पाळणाघरात सोडले, म्हणून पुढचा प्रवास घरगुती होत नाही.

मी स्वतः कामाला जात नाही; फक्त पतीला सकाळी ऑफिसला सोडते. हे कशात बसते?

इथे कंपन्यांमध्ये एकवाक्यता नाही. काही कंपन्या जोडीदाराला सोडणे हे घरगुती वापरात धरतात, काही त्याला कम्यूटिंग म्हणतात. पुस्तिकेतली व्याख्या पाहा आणि तिथे स्पष्ट नसेल, तर लेखी विचारा. दोन्ही घरांत हाच प्रकार चालू असूनही शेजारणीच्या कंपनीचे उत्तर तुमच्या कंपनीला लागू पडत नाही.

आमचे काम एकाच ठिकाणी नसते. क्लायंट बदलतो तसे ऑफिस बदलते. कम्यूटिंग पुरेसे आहे का?

कम्यूटिंगच्या व्याख्येत 'एकच, कायमचे कामाचे ठिकाण' हा भाग फार महत्त्वाचा आहे, आणि आपल्या लोकांची सर्वाधिक गफलत इथेच होते. सोमवारी रेडिंगच्या क्लायंटकडे आणि बुधवारी मिल्टन कीन्सच्या क्लायंटकडे जाणाऱ्या सल्लागाराला, ऑफिसातून दुपारी दुसऱ्या शाखेत मीटिंगला जाणाऱ्या व्यवस्थापकाला, दोन इस्पितळांत पाळ्या करणाऱ्या डॉक्टरला आणि घरोघरी जाऊन वृद्धांची देखभाल करणाऱ्या केअररला 'बिझनेस' वापर घ्यावा लागतो. मालाची ने-आण किंवा विक्री करत नसलात, तरी हे खरे आहे. 'बिझनेस' म्हणजे धंदा, आणि मी तर नोकरदार आहे, अशी मनाची समजूत इथे कामाची नाही.

बिझनेसचे टप्पे साधारण असे असतात: पहिल्या टप्प्यात पॉलिसीधारक, आणि बहुधा त्याचा जोडीदार, कामानिमित्त वेगवेगळ्या ठिकाणी जाऊ शकतो, दुसऱ्या टप्प्यात तोच अधिकार पॉलिसीतल्या नेम्ड ड्रायव्हरला मिळतो, तिसरा टप्पा फिरत्या विक्रेत्यांसारख्या, गाडीवरच ज्यांचे काम चालते अशांसाठी असतो. व्याख्या कंपनीप्रमाणे थोड्या इकडेतिकडे होतात. पण पत्नी नेम्ड ड्रायव्हर असून घरोघरी जाऊन काम करणारी परिचारिका असेल, तर पहिला टप्पा घेऊन निश्चिंत बसू नका. तिचे नाव त्यात धरले आहे का, हे विचारलेच पाहिजे. तुमची संस्था मैलांचा भत्ता देत असेल, तर ती स्वतःच बहुधा बिझनेस वापराचे सर्टिफिकेट मागते, आणि तेव्हा तरी ही गोष्ट उघडी पडते.

ज्याचे ठिकाण सहा-आठ महिन्यांनी बदलते, पण एका वेळी एकच असते, त्याने प्रत्येक बदलाच्या वेळी कंपनीला कळवावे. अंतर वाढले, तर वर्षाचे अंदाजे मैलही बदलतात.

मी घरून डबे करते आणि ओळखीच्या दहा-बारा जणांना गाडीने पोहोचवते. कम्यूटिंग आहे. चालेल का?

चालणार नाही. मोबदला घेऊन अन्न किंवा माल पोहोचवणे हे कम्यूटिंगमध्ये तर नाहीच, बिझनेसच्या साध्या टप्प्यांतही बहुतेक कंपन्या ते स्पष्टपणे वगळतात. त्यासाठी डिलिव्हरीचा स्वतंत्र विमा असतो. गणपतीत मंडळाच्या प्रसादाचे पातेले गाडीतून नेणे आणि दर मंगळवारी पैसे घेऊन पुरणपोळ्या पोहोचवणे यांत विमा कंपनी फार मोठा फरक करते. पहिले काम घरगुती-सामाजिक वापरात मोडते.

सहकाऱ्याला रोज बरोबर नेतो आणि तो पेट्रोलचे पैसे देतो. हे 'भाडे' ठरते का?

खर्च वाटून घेणे, नफा न कमावणे आणि गाडी आठपेक्षा जास्त प्रवाशांसाठी बनवलेली नसणे, या मर्यादेत राहिलात तर ब्रिटिश विमा कंपन्या सर्वसाधारणपणे त्याला भाड्याची वाहतूक मानत नाहीत. कम्यूटिंग मात्र पॉलिसीत असायला हवेच.

कम्यूटिंग नसताना कामावर जाताना पोलिसांनी थांबवले, तर काय होते?

हा प्रश्न लोक सर्वांत शेवटी विचारतात, खरे तर तो सर्वांत आधी विचारायला हवा. रोड ट्रॅफिक अॅक्ट १९८८ च्या कलम १४३ प्रमाणे ज्या वापरासाठी विमा नाही, तो वापर विनाविमा समजला जातो. म्हणजे पॉलिसी चालू आहे, हप्ते वेळेवर जात आहेत, नावही पॉलिसीत आहे, आणि तरीही त्या सकाळच्या त्या फेरीपुरते तुम्ही कायद्याच्या लेखी विनाविमा आहात, असे होऊ शकते. रस्त्यावरचे कॅमेरे नंबर प्लेट वाचतात, विम्याची नोंद मोटर इन्शुरर्स ब्युरो या विमा कंपन्यांच्या सामाईक संस्थेच्या यादीतून पाहिली जाते, आणि शंका आली तर पोलीस थेट विमा कंपनीकडून खात्री करून घेतात. गणवेशातल्या परिचारिकेला सकाळी सातला 'कुठे निघालात' असे विचारल्यावर उत्तर तिच्या अंगावरच लिहिलेले असते.

विनाविमा गाडी चालवल्यास जागेवरचा दंड ३०० पौंड आणि लायसन्सवर शिक्षेचे ६ गुण (पेनल्टी पॉइंट्स). प्रकरण न्यायालयात गेले, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये दंडाला वरची मर्यादा नाही आणि परवाना काही काळ काढूनही घेतला जाऊ शकतो. पोलीस गाडी जप्त करू शकतात. ती सोडवण्याचे आणि दिवसागणिक ठेवण्याचे पैसे वेगळे. लायसन्सवर 'आयएन १०' हा विनाविमा चालवल्याचा शेरा गुन्ह्याच्या तारखेपासून ४ वर्षे राहतो आणि पुढच्या प्रत्येक विम्याच्या अर्जात तो सांगावा लागतो.

यात दोन गोष्टी आपल्या लोकांना विशेष जड जातात. पहिली अशी की गाडी विनाविमा वापरू देणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. त्यामुळे चालवणारी पत्नी आणि 'ने ना गाडी, बस कशाला' असे म्हणणारा पॉलिसीधारक नवरा, दोघांच्याही लायसन्सवर गुण चढू शकतात. दुसरी गोष्ट नव्या चालकांच्या १९९५ च्या कायद्याची: येथील पहिली चाचणी उत्तीर्ण झाल्यापासून २ वर्षांच्या आत ६ गुण झाले, तर लायसन्स रद्द होते आणि माणूस पुन्हा शिकाऊ परवान्यावर येऊन लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा नव्याने देतो. भारतात पंधरा वर्षे गाडी चालवलेला माणूसही इथली चाचणी दिल्यावर या दोन वर्षांच्या चौकटीत येतो. विनाविम्याचे गुणही ६ आणि मर्यादाही ६, म्हणजे एका सकाळीच सगळे संपते.

अपघात झाला आणि कम्यूटिंग नव्हते, तर कंपनी एक पैसाही देत नाही का?

सरसकट असे नाही. समोरच्या जखमी व्यक्तीला वाऱ्यावर सोडले जाऊ नये यासाठी ब्रिटनमध्ये मोटर इन्शुरर्स ब्युरोची व्यवस्था १९४६ पासून आहे, आणि त्याची भरपाई कोणत्या ना कोणत्या मार्गाने होते. पण दिलेले पैसे कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकते. तुमच्या स्वतःच्या गाडीचे काय, हे दोन वेगळ्या प्रश्नांवर ठरते: अर्ज भरताना तुम्ही चुकीची माहिती दिली होती का, आणि अपघाताच्या वेळचा वापर सर्टिफिकेटबाहेर होता का.

पहिल्या प्रश्नासाठी ग्राहक विम्याचा २०१२ चा कायदा आहे, जो एप्रिल २०१३ पासून लागू झाला. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वाजवी काळजी घेऊन देणे, एवढी जबाबदारी तो ग्राहकावर टाकतो. जाणूनबुजून खोटे सांगितले, तर कंपनी पॉलिसी रद्दबातल ठरवू शकते आणि हप्तेही परत करण्याचे बंधन तिच्यावर बहुधा राहत नाही. निष्काळजीपणाने चूक झाली असेल, तर कंपनीने खरी माहिती मिळाल्यावर काय केले असते, ते पाहतात. समजा, कम्यूटिंग नसल्यामुळे ७२० पौंड हप्ता लागला आणि खरे सांगितले असते तर ९०० लागला असता. मग तुम्ही योग्य हप्त्याच्या ८० टक्केच भरले आहेत, आणि ५,००० पौंडांच्या दुरुस्तीपैकी ४,००० मिळतात. एक्सेस, म्हणजे क्लेममधला तुम्ही स्वतः सोसायचा ठरलेला वाटा, त्यातून वजा होतो. कंपनीने तोच हप्ता घेतला असता, हे सिद्ध झाले, तर कपात करायला जागा राहत नाही.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे अर्ज भरताना सगळे खरे होते पण मागाहून नोकरी लागली आणि कळवले नाही, तेव्हा पॉलिसीतील बदल कळवण्याची अट पुढे येते. हा प्रकार वादाचा असतो आणि शब्दरचनेवर ठरतो. त्यात जिंकण्याची वाट पाहण्यापेक्षा पाच मिनिटांचा फोन स्वस्त पडतो.

नेम्ड ड्रायव्हरकडे भारतीय लायसन्स आहे. ती कामावर गाडी नेऊ शकते का?

ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते आणि कम्यूटिंगला त्यात वेगळी आडकाठी नाही. कंपनीला लायसन्स भारतीय आहे हे सांगितलेले असले पाहिजे. हे बारा महिने रहिवासी झाल्यापासून मोजतात, गाडी घेतल्यापासून किंवा विमा सुरू झाल्यापासून नव्हे. पॉलिसी मार्चपर्यंत चालू आहे आणि बारा महिने ऑक्टोबरात भरले, तर ऑक्टोबरनंतर येथील पूर्ण लायसन्स नसताना तिने एकटीने चालवलेली गाडी लायसन्सशिवाय आणि पर्यायाने विम्याशिवाय चालवलेली ठरते. प्रत्यक्ष चाचणीच्या तारखा अनेक ठिकाणी महिनोन् महिने मिळत नाहीत, म्हणून शिकाऊ परवान्याचा अर्ज आल्या आल्या करावा, असे मी आग्रहाने सांगतो.

मुलगा रोज गाडी नेतो, पण विमा वडिलांच्या नावे आणि मुलगा नेम्ड ड्रायव्हर. हप्ता कमी बसतो. यात गैर काय?

आपल्याकडे गाडी, घर, गॅसचे कनेक्शन सगळे वडिलांच्या नावावर असणे ही रीतच आहे, त्यामुळे यात काही लबाडी आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही. ब्रिटनमध्ये मात्र याला 'फ्रंटिंग' म्हणतात आणि ती फसवणूक समजली जाते. प्रश्न गाडी कोणाच्या मालकीची हा नसून मुख्य चालक कोण हा आहे. वडील लेस्टरला राहतात, मुलगा मँचेस्टरला शिकतो आणि तिथल्या सुपरमार्केटमधल्या संध्याकाळच्या नोकरीला रोज गाडीने जातो, तर मुख्य चालक मुलगाच आहे. कामावर जाणे ही यातली सर्वांत मोठी खूण असते, कारण रोजची फेरी ज्याची, गाडी त्याचीच, असा तर्क कंपनी लावते. पती-पत्नीतही हेच लागू आहे: नवरा घरून काम करतो आणि पत्नी रोज गाडी नेते, तर मुख्य चालक म्हणून तिचे नाव द्यावे. पॉलिसी त्याच्या नावे ठेवून मुख्य चालक ती, असे करण्याची सोय अनेक कंपन्या देतात.

पत्नीचे नाव घातल्याने हप्ता कमी होतो असे ऐकले आहे. तिच्या कम्यूटिंगने तो किती वाढतो?

२१ डिसेंबर २०१२ पासून हप्ता ठरवताना स्त्री की पुरुष हे पाहता येत नाही, म्हणून 'बायकांचा विमा स्वस्त' ही समजूत आता जुनी झाली. अनुभवी, अपघात नसलेल्या दुसऱ्या चालकाच्या नावाने हप्ता कधी कमी होतो, हे मात्र खरे. कम्यूटिंगने किती वाढेल, हे पत्ता, अंतर, वय आणि व्यवसाय यांवर अवलंबून असते. अनेकदा फरक इतका थोडा असतो की तो वाचवण्यासाठी घेतलेली जोखीम पाहून हसू येते. दाखवलेल्या रकमेत १२ टक्के विमा कर धरलेला असतो. व्यवसायाच्या यादीतून खरा आणि जवळचा पर्याय निवडावा.

पॉलिसीच्या मध्येच नोकरी लागली. काय करायचे?

नोकरीवर गाडीने जाण्याच्या पहिल्या दिवसाआधी कंपनीला कळवा: कोण जाणार, कुठे, आठवड्यातून किती दिवस आणि वर्षाचे मैल आता किती. उरलेल्या महिन्यांचा वाढीव हप्ता आणि बदलाची फी मागतील. नवीन सर्टिफिकेट हातात आल्यावर ते पुन्हा वाचा. फोनवर 'झाले' म्हणाले आणि कागदावर जुनेच शब्द राहिले, असे होते. विमा नुकताच काढला असेल, तर कागद मिळाल्यापासून १४ दिवसांत तो रद्द करून दुसरीकडे जाता येते, वापरलेल्या दिवसांचे पैसे कापून.

कंपनीने क्लेम नाकारला. दाद कुठे मागायची?

आधी कंपनीकडे लेखी तक्रार. ८ आठवड्यांत तिचे अंतिम उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर फायनॅन्शियल ऑम्बुड्समन सर्व्हिस या ग्राहक आणि कंपन्यांमधले वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जाता येते. अंतिम उत्तरापासून ६ महिन्यांची मुदत असते आणि ग्राहकाला त्यासाठी काही पैसे पडत नाहीत. तिथे निर्णायक ठरतो तो अर्जातला नेमका प्रश्न आणि तुम्ही दिलेले नेमके उत्तर, म्हणून अर्जाची प्रत सुरुवातीलाच मागून घ्या.

नेम्ड ड्रायव्हर म्हणून चालवलेली वर्षे पुढे स्वतःच्या विम्यात धरतात का? आणि तिला दुसऱ्याची गाडी चालवता येते का?

नो क्लेम बोनस पॉलिसीधारकाचा असतो. काही कंपन्या नेम्ड ड्रायव्हरची अपघातरहित वर्षे मोजतात, पण बहुतेक वेळा त्याच कंपनीकडे स्वतःची पॉलिसी घेतली तरच. दुसऱ्याची गाडी चालवण्याची मुभा काही पॉलिसींत असते, ती थर्ड पार्टीपुरती आणि जवळजवळ नेहमी फक्त पॉलिसीधारकाला. तिची गाडी गॅरेजमध्ये आहे म्हणून मैत्रिणीची गाडी घेऊन ती कामावर गेली, तर तिच्या नेम्ड ड्रायव्हर असण्याचा तिथे काहीही उपयोग नाही. अशा दिवसांसाठी एका दिवसाचा तात्पुरता विमा मिळतो, आणि त्यातही कम्यूटिंग आहे का, ते पाहावे लागते.

आईवडील उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी येणार आहेत. बाबांचे नाव घालायचे तर त्यांच्यासाठीही कम्यूटिंग घ्यावे लागेल का?

ते नातवाला शाळेतून आणणार आणि मंदिरात जाणार असतील, तर नाही. त्यांचे भारतीय लायसन्स वैध असायला हवे आणि त्यांचे वय कंपनीच्या मर्यादेत बसायला हवे. तुम्हाला सकाळी स्टेशनवर सोडण्याचे काम मात्र त्यांच्याकडे देणार असाल, तर वर पतीला ऑफिसला सोडण्याबद्दल जे विचारायला सांगितले, तेच त्यांच्यासाठीही विचारा.